हजर भोये

शाळा भरते आणि शाळा सुटते. कॉलेज भरलं किंवा सुटलं असं मात्र कोणी म्हणत नाही. ते आपलं तिथं असतं. सकाळी सिडकोतून शहर बस पकडून मी तिथं पोचते, दुपारी तशाच दुसऱ्या बसने परत येते, आणि मधल्या वेळात काय झालं असं घरी कोणी विचारलं तर सांगण्यासारखं फारसं काही नसतं. आई आता विचारतही नाही. मी तिसऱ्या वर्षाला आहे, बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि खरं सांगायचं तर थकले आहे. अभ्यासाने थकले असते तर एक वेळ बरं वाटलं असतं.

दहावीपर्यंत मी घराजवळच्याच शाळेत होते. तिथं एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका बाई दारातच अडवायच्या. ताप होता म्हटलं तर कपाळाला हात लावून बघायच्या, आता ताप नसला तरी. संध्याकाळी भाजी घेताना बाई आणि आई भेटल्या की माझं काही खरं नसायचं. तेव्हा त्याचा फार जाच वाटायचा. कधी एकदा कॉलेजात जाते आणि या चौकशांतून सुटते असं झालं होतं. आता कोणी चौकशी करत नाही. मागितलं ते मिळालं, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

या दोन्हींतला फरक मला नीट कळला तो देविदास भोयेमुळे. तो माझ्याच वर्गातला. हजेरीत भामरे आणि भोये एकामागोमाग येतात, म्हणून प्रॅक्टिकलला आम्ही एकाच टेबलावर. भोये सुरगाण्याकडचा. पहिलीपासून बारावीपर्यंत एकाच आश्रमशाळेत राहून शिकलेला, आणि नाशकात आल्यावर पेठ रोडच्या सरकारी वसतिगृहात. अंगाने बारीक, केसांना तेल, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. घरी तो कोकणी बोलायचा, म्हणजे कोकणातली नव्हे, तिकडच्या कोकणा आदिवासींची बोली. आईचा फोन आला की जे बोलायचा त्यातलं आम्हाला निम्मंच कळायचं. मराठी त्याची शाळेत शिकलेली, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध. फक्त गडबडीत असला की ‘नाय’ आणि ‘हाय’ निसटायचं. मुलींना तो आडनावापुढे ताई लावून बोलवायचा. मी भामरे ताई. पहिल्या आठवड्यात मला ते फार विचित्र वाटलं आणि नंतर त्याने नुसतं भामरे म्हटलं असतं तर विचित्र वाटलं असतं.

पहिल्या दिवशी ऑरगॅनिकचे सर वर्गात आले. आम्ही कोणी फोन बघत होतो, कोणी जागा धरत होतो. तेवढ्यात मधल्या बाकावरून एक मुलगा ताडकन उभा राहिला आणि लांबवून, सुरात म्हणाला, “नमस्ते सर.” एकटाच. बाकीचा वर्ग उठेल म्हणून तो थोडा थांबला, पण कोणी उठलं नाही. सरांनी आधी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, त्यांच्यापाठोपाठ कोणी मोठा माणूस आला आहे. सर तासिका तत्त्वावरचे होते, चार ठिकाणी शिकवायचे. त्यांच्यासाठी कोणी उभं राहिल्याला बरेच दिवस झाले असावेत. ते घाईघाईने बस बस म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

मग हजेरी. तेव्हा अजून नाव घेऊन हजेरी व्हायची. आम्ही बसल्या जागी हात वर करायचो, नाहीतर तोंडातल्या तोंडात येस सर म्हणायचो. भोयेचं नाव आल्यावर तो उभा राहिला आणि “हजर सर” असं इतक्या खणखणीत आवाजात म्हणाला की बाहेरच्या पोरांनी आत डोकावून पाहिलं. त्या दिवसापासून त्याचं नाव हजर भोये पडलं. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. तो मला म्हणाला, आमच्याकडे हजेरी मैदानात होते, वारा असतो, मोठ्याने नाही म्हटलं तर सरांपर्यंत पोचत नाही आणि मग गैरहजर लागते.

त्याच्या सगळ्याच सवयी शाळेतल्या होत्या आणि त्यातली एकही तो सोडायला तयार नव्हता. पाणी प्यायला जायचं तरी तो विचारून जायचा. तास संपला की उठून फळा पुसायचा, डस्टर खिडकीबाहेर झटकायचा, मगच दप्तर आवरायचा. पण सगळ्यात अजब म्हणजे रिकामे तास. आमच्याकडे सर येणार नसले की कोणीतरी ग्रुपवर टाकतं आणि वर्ग मिनिटभरात ओस पडतो. भोये बसून राहायचा. एकटा. समोर पुस्तक उघडून, हाताची घडी घालून. मी एकदा विसरलेली छत्री घ्यायला परत वर गेले तर हा रिकाम्या वर्गात बसलेला. सर येणार नाहीत, तुला माहीत नाही का, असं मी विचारलं. म्हणाला, माहीत हाय, पण तास कुठं सुटलाय अजून? त्याच्या शाळेत सर नसले तरी वर्ग सोडायचा नसतो. सर दुसऱ्या कामात असतील, मुख्याध्यापकांनी बोलावलं असेल, पण वर्ग जागेवर पाहिजे. आमच्या शाळेतही हेच होतं की. ऑफ तासाला शिपाई मावशी दारात खुर्ची टाकून बसायच्या. दोन वर्षांत मी ते पार विसरून गेले होते.

तो साधाभोळा वगैरे मुळीच नव्हता, उलट वैतागच होता. प्रॅक्टिकलला ब्युरेटचं रीडिंग मी अंदाजे घेतलं की तो ते ओतून पुन्हा करायला लावायचा. वर्गातून निघताना पंखे बंद करा म्हणून ओरडायचा. रिकाम्या तासाला आम्ही कोणी बसलो तर आम्हाला गप्प करायचा. एकदा पोरांनी त्याला चिडून विचारलं की तू कोण लागून गेलास. तो शांतपणे म्हणाला, मी भोजनमंत्री होतो.

हसण्याचा भर ओसरल्यावर त्याने सांगितलं. शाळेत मंत्रिमंडळ असतं हे आम्हालाही ठाऊक होतं. आमच्या शाळेत मुख्यमंत्र्याची फक्त निवडणूक व्हायची, मग त्याला काही काम नसे. आश्रमशाळेत काम असतं. भोजनमंत्र्याने पंगत बसवायची, सगळ्यांना वाढून झालं का पाहायचं आणि शेवटी आपण बसायचं. ताटं मुलांच्या संख्येइतकीच मांडायची. सगळे बसल्यावर एक ताट उरलं की समजायचं, कोणीतरी पळालं. लहान पोरं घरच्या ओढीने पळून जातात, डोंगरातून, पायवाटेने. मग भोजनमंत्र्याने लगेच सरांना सांगायचं आणि मोठी पोरं बॅटऱ्या घेऊन निघायची. त्याच्या वेळी एकदा दुसरीतलं पोर असं गेलं होतं. ते ओढ्याच्या पलीकडे आंब्याखाली बसलेलं सापडलं. सापडल्यावर त्याला कोणी मारलं नाही. आधी जेवायला घातलं.

“एखादा नाय हे कोणी सांगितलंच नाय, तर त्याला शोधायला कोण जाणार?” तो म्हणाला होता.

हे त्याचं बोलणं तेव्हा मला नुसतं ऐकायला छान वाटलं. त्याने मात्र ते वागण्यात ठेवलं होतं. आमच्या वर्गातला मोरे नावाचा मुलगा दिवाळीनंतर यायचा बंद झाला. आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. भोयेच्या आलं. त्याने ऑफिसात जाऊन चौकशी केली, तिथून हाकलून दिलं, मग कोणाकोणाला विचारत तो पंचवटीत मोरेच्या खोलीवर पोचला. मोरे भरदुपारी झोपलेला. दारात भोये. तुम्ही वर्गात दिसला नाहीत म्हणून आलो, एवढंच बोलून तो खाली बसला, पाणी प्यायला आणि निघून आला. मोरेने हा किस्सा कँटीनमध्ये सगळ्यांना रंगवून सांगितला. पण तो सांगायला मोरे दुसऱ्या दिवशी कॉलेजात आला होता, आणि नंतरही येत राहिला. त्याला तेव्हा काय झालं होतं ते त्याने कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी कॉलेजने ॲप आणलं. तासाच्या शेवटी सर आपला फोन उंच धरतात, त्यावरचा चौकोन आपल्या फोनने स्कॅन करायचा, हजेरी लागली. आठवडाभरातच सगळ्यांना युक्ती सापडली. पुढे बसलेला कोणीतरी त्या चौकोनाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो आणि घरी गादीवर लोळणारेही हजर होतात. मीही सोमवारी घरूनच हजर व्हायचे. वर्गात समोर मोजकी डोकी आणि ॲपमध्ये भरलेला वर्ग, हे सरांना दिसत नसेल असं नाही. पण चार कॉलेजांच्या धावपळीत तेही दमलेले असायचे. ॲप हिरवं दिसलं की त्यांचं काम झालं.

सेमिस्टर संपत आलं तेव्हा हजेरी कमी असलेल्यांची नोटीस लागली. त्यांना परीक्षेला बसता येणार नव्हतं. सगळ्यात वर देविदास भोये. हजेरी शून्य.

आम्हाला आधी ती चूक वाटली. सगळे हसले. मग भोये ती नोटीस वाचून बाजूला झाला तेव्हा त्याचा चेहरा पाहिला, आणि हसू गेलं. वर्ष वाया गेलं की वसतिगृहातली जागा जाते. जागा गेली की नाशकात राहणं त्याला शक्य नव्हतं. म्हणजे ही नोटीस त्याला थेट सुरगाण्याच्या एसटीत बसवणारी होती. प्रॅक्टिकलची जोडीदार म्हणून मी त्याच्याबरोबर विभागप्रमुख मॅडमकडे गेले. मनात धरलं होतं की पाच मिनिटांचं काम आहे.

मॅडमनी ॲप उघडून पाहिलं आणि त्याला विचारलं की तू एकदाही स्कॅन का केलं नाहीस, फोन नाही का?

“फोन हाय, मॅडम. पण मी आलेलो असायचो.”

“अरे, म्हणूनच तर करायचं.”

“ते न आलेल्यांसाठी असतं ना?” भोये खरोखर गोंधळून म्हणाला. “जे येत नाहीत ते करतात. मी सरांच्या समोर बसलेला असायचो. त्यांना दिसायचो.”

मग मला आठवलं, सर फोन वर धरायचे तेव्हा हा पाठमोरा होऊन फळा पुसत असायचा. आणि वसतिगृहात त्याच्या खोलीतली पोरं गादीवरून स्कॅन करायची, ती त्याने रोज पाहिली होती. त्यावरून त्याने जो अर्थ काढला तो चूक होता असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मॅडमनी ऑरगॅनिकच्या सरांना बोलावून घेतलं. सर दारातच उभे राहिले. भोयेकडे पाहून म्हणाले, चेहरा ओळखीचा वाटतो, पण रोज असायचा का ते नक्की कसं सांगू, मॅडम? ज्यांच्यासाठी हा दोन वर्षं उभा राहिला ते हे सर. त्यांचा पुढचा तास दुसऱ्या कॉलेजात होता, ते घड्याळ बघत निघून गेले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांच्या हातातली ती जड बॅग आणि सुकलेलं तोंड पाहून तोही आला नाही.

मग मी म्हणाले की मी सांगते ना, हा रोज असतो. मॅडमनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि भोयेला म्हणाल्या, ठीक आहे, तू रोज होतास तर तुझ्याबरोबर वर्गात अजून कोण असायचं ते सांग, म्हणजे त्यांना विचारता येईल.

आणि भोयेने सांगितलं. अगदी सरळ उभं राहून, हात मागे बांधून. कोण रोज असतं, कोण गेल्या महिन्यापासून दिसलेलं नाही, कोण फक्त प्रॅक्टिकलला येतं. भामरे ताई सोमवारी नसतात, हेही. निम्म्याहून जास्त वर्ग त्याने गैरहजर सांगितला. माझे कान तापले. बाहेर खिडकीपाशी उभी असलेली पोरं शिव्या देत पांगली. पण त्याच्या आवाजात चुगलीचा सूर नव्हता. शेवटी तो म्हणाला, यातले काही फार दिवसांपासून येत नाहीत, मॅडम, कोणीतरी जाऊन बघायला पाहिजे. तो पंगतीतली उरलेली ताटं सांगत होता. हे त्या खोलीत फक्त मला कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

मॅडमनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि मला दार लावून घ्यायला सांगितलं. त्या वाईट नाहीत. पण पुढच्या महिन्यात तपासणीची समिती येणार होती, आणि भोये म्हणतो ते खरं धरलं तर अख्ख्या विभागाची हजेरी खोटी ठरत होती. त्या म्हणाल्या, हे तू मला सांगितलं नाहीस आणि मी ऐकलं नाही. तू असं कर, डॉक्टरांचा दाखला आण. आजारी होतास असं लिहून आण. सगळे तसंच करतात. मी तुला बसू देते.

“मी आजारी नव्हतो, मॅडम. मी हजर होतो.”

“अरे बाबा,” मॅडम म्हणाल्या, “कागदावर.”

दोन दिवस तो त्याच्या नेहमीच्या बाकावर बसून होता. दाखला आणलाच नाही. वर्गातलं कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं. मोरे तेवढा त्याच्या शेजारी जाऊन बसला. मी त्याला म्हटलं की एका कागदासाठी सगळं घालवू नकोस. तो म्हणाला, तो कागद दिला की मी आलोच नव्हतो असं होतं. मग या सगळ्या दिवसांचं काय? शेवटी त्याने आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना फोन केला. तो त्यांना गुरुजी म्हणतो. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, देऊन टाक. एवढंच. त्याला वाटलं होतं ते रागावतील.

दाखला आणायला मी त्याच्याबरोबर गेले. कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक डॉक्टर आहेत, त्यांना या कामाची सवय आहे. त्यांनी कागद पुढे ओढून विचारलं, काय लिहू? भोये म्हणाला, तुम्हीच तपासून सांगा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. खरंच उठले. नाडी बघितली, छातीला नळी लावली, जीभ काढायला सांगितली. सगळं व्यवस्थित आहे, तुला काही झालेलं नाही, असं म्हणाले आणि खाली बसून कावीळ लिहिलं. बाहेर आल्यावर मला हसूही येईना आणि रडूही. भोये दाखल्याची घडी घालून खिशात ठेवताना म्हणाला, डॉक्टर चांगले हायेत, तपासलं तरी.

तो परीक्षेला बसला आणि पास झाला. वसतिगृह राहिलं. सगळं जागच्या जागी राहिलं.

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ऑरगॅनिकचे सर वर्गात आले आणि सवयीने मधल्या बाकाकडे पाहून थांबले. भोये बसलेला होता. सर फळ्याकडे वळले. फळ्यावर आदल्या तासाचं तसंच होतं, ते त्यांनी स्वतः पुसलं. हळूहळू तो मधला बाकही रिकामा दिसायला लागला. त्याची हजेरी मात्र आता भरलेली असते, माझ्यापेक्षा जास्त. तो कुठं आहे हे विचारायला मोरे वसतिगृहावर जाऊन आला. अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागलाय, पहिली पाळी, असं कळलं. मोरेने ते सांगितलं तेव्हा वर्गात आम्ही तिघंच होतो.

परवा मी कॉलेजला गेले नाही. कारण काही नाही, कंटाळा आला. दुपारी बाबांचा विसरलेला डबा द्यायला अंबडला त्यांच्या कंपनीत गेले आणि परतताना बसथांब्यावर भोये दिसला. कंपनीचा निळा शर्ट, गळ्याचं बटण उघडं, पाळी संपवून बाकावर बसलेला. मला पाहून सरकून जागा दिली आणि जेवलात का विचारलं. मी हो म्हटलं. तू? तोही हो म्हणाला. शाळेत जाऊन आलो, म्हणाला. नवा भोजनमंत्री पोरगा हुशार आहे. कॉलेजचं त्याने काही विचारलं नाही. आम्ही दोघं ट्रकांकडे बघत बसलो.

तेवढ्यात दोघांचेही फोन एकदम वाजले. वर्गातून कोणीतरी चौकोनाचा फोटो टाकला होता. ऑरगॅनिकचा तास संपत आला असणार. मी बसल्या बसल्या माझं उरकलं. भोयेने फोन हातात घेतला, आणि बाकावरून उठून उभा राहिला. ताठ, टाचा जुळवून. स्कॅन केलं. रस्त्यावरून कंटेनर चालला होता, त्या आवाजात काही ऐकू आलं नाही, पण त्याचे ओठ हललेले मी पाहिले. मग तो खाली बसला आणि बस येतेय का ते बघू लागला.